'करतो' की 'करतोय'?

रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग



इंग्रजी शिकायला बसलेल्या मराठी माणसाला अगदी सुरुवातीला जी वाक्यं भेटतात, त्यांत 'आय गो' आणि 'आय ॲम गोइंग' ही दोन हमखास असतात. 'आय गो' म्हणजे मी जातो आणि 'आय ॲम गोइंग' म्हणजे मी जात आहे. पहिला साधा वर्तमानकाळ, दुसरा चालू वर्तमानकाळ. फळ्यावर दोन रकाने आखले जातात, पाठांतर होतं आणि धडा संपतो. पुढे वीस वर्षं इंग्रजी वाचून, लिहून, कचेरीत वापरूनही तोच माणूस साहेबासमोर उभा राहिला की अडखळतो. 'आय वर्क' म्हणू की 'आय ॲम वर्किंग'? मनात दोन्ही वाक्यं तयार असतात, पण निवड होत नाही, आणि मग पुष्कळदा तो गप्पच बसतो.

मी संध्याकाळच्या वर्गात मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. दुकानदार असतात, परिचारिका असतात, नोकरीच्या मुलाखती देणारी तरुण मुलं असतात, परदेशातल्या मुलाकडे चार महिन्यांसाठी निघालेले आजी-आजोबाही असतात. कुणी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेलं, कुणी पाचवीपासून, तर कुणी २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं त्यानंतरच्या पिढीतलं. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच: "मॅडम, साधा कुठे आणि चालू कुठे, हे एकदा नीट सांगा." आज तेच सांगायचा प्रयत्न करते. त्यासाठी व्याकरणाचं जाडजूड पुस्तक उघडायची गरज नाही. याची किल्ली बरीचशी आपल्या मराठीतच आहे.

आधी घोटाळा कुठे होतो ते पाहू. मराठीतला साधा वर्तमानकाळ फार कष्टाळू आहे. फोनवर मित्र विचारतो, "काय करतोस?" आपण सांगतो, "जेवतो." जेवण आत्ता चालू आहे, तरी काळ साधाच. कुणी बोलावलं तर आपण म्हणतो, "उद्या येतो." इथे तर गोष्ट भविष्यातली आहे. घरातून निघताना 'जातो' म्हणू नये असं आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं, म्हणून निघालेला माणूसही "येतो हं" म्हणतो. एवढी सगळी कामं मराठीचा साधा वर्तमानकाळ बिनतक्रार करतो. इंग्रजीचा करत नाही. म्हणून 'व्हॉट आर यू डूइंग?' या प्रश्नाला 'आय ईट' असं उत्तर दिलं की ऐकणारा गोंधळतो. त्याला वाटतं, हा माणूस आपला रोजचा परिपाठ सांगतो आहे. तसंच, 'उद्या येतो'चं 'आय कम टुमॉरो' होत नाही. तिथे 'आय ॲम कमिंग टुमॉरो' म्हणतात. आधी ठरलेली भेट, ठरलेला प्रवास यांसाठी इंग्रजी चालू काळ वापरतं. 'वी आर गोइंग टू नागपूर ऑन संडे' हे त्यातलंच.

दुसरा घोटाळा 'आहे' या शब्दाचा. शाळेत आपण मनाशी एक खूणगाठ बांधतो. मराठी वाक्यात 'आहे' दिसलं की इंग्रजीत 'ॲम, इज, आर' आणि क्रियापदाला 'इंग'. 'मी जात आहे' या वाक्याला ही खूणगाठ चालते. मग 'मला माहीत आहे' हे वाक्य येतं आणि 'आय ॲम नोइंग' तयार होतं. 'मला पाणी हवं आहे'चं 'आय ॲम वॉन्टिंग वॉटर' होतं. 'आहे' हा शब्द दोन्हीकडे आहे, पण तो दोन्हीकडे सारखं काम करत नाही.

आता पहिली किल्ली. पुस्तकातलं 'मी जात आहे' हे वाक्य आपण घरी फारसं म्हणत नाही. आपण म्हणतो, 'जातोय', 'जातेय', 'उकळतंय'. 'जातो आहे' हे बोलण्याच्या ओघात आखडून 'जातोय' झालं. हा शेवटचा 'य' फार उपयोगाचा आहे. घरी आलेल्या पाहुण्याला आपण "तुम्ही काय करता?" असं विचारलं, तर तो आपली नोकरी किंवा धंदा सांगतो. "तुम्ही काय करताय?" असं विचारलं, तर तो हातातलं काम सांगतो. इंग्रजीत नेमकी हीच दोन वाक्यं आहेत: 'व्हॉट डू यू डू?' आणि 'व्हॉट आर यू डूइंग?' म्हणजे मराठी वाक्य बोलीत म्हणून पाहायचं. त्यात 'य' आपसूक आला, तर इंग्रजीत बहुधा 'इंग' लागेल. आला नाही आणि घातला तर कानाला खटकला, तर साधा काळ. विदर्भातल्या श्रोत्यांनी 'य'ऐवजी आपलं 'करून राहिलो' म्हणून पाहावं, मराठवाड्यातल्यांनी 'करायलोय'. तुमच्या बोलीत चालू काळाचं जे रूप असेल, ते तुमची खूण.

हे 'य' नेमकं काय सांगतं? पुष्कळांना वाटतं, ते घड्याळाकडे बोट दाखवतं. आत्ता या क्षणी चालू असेल तर चालू काळ, रोजचं असेल तर साधा. हे अर्धंच खरं आहे. समजा मी म्हटलं, "सध्या मी 'श्यामची आई' पुन्हा वाचतेय." या क्षणी माझ्या हातात पुस्तक नाही, समोर मायक्रोफोन आहे. तरी वाक्य बरोबर आहे, आणि इंग्रजीतही 'आय ॲम रीडिंग' हेच बरोबर. वाचन सुरू झालंय, संपलेलं नाही, आणि काही दिवसांत ते संपणार आहे. उलट, 'मला हे गाणं आवडतं' ही भावना अगदी या क्षणी मनात असली तरी इंग्रजीत साधा काळच येतो. तेव्हा घड्याळ बाजूला ठेवू या आणि दुसरा प्रश्न विचारू: ही गोष्ट मी कायमची, ठरलेली, स्थिर म्हणून सांगतेय, की सध्यापुरती, अर्धवट, बदलत असलेली म्हणून?

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. हा गुणधर्म झाला, समुद्रसपाटीला काल होता, उद्याही असेल. इंग्रजीत 'वॉटर बॉइल्स'. पण "अगं, पाणी उकळतंय, चहाची पूड टाक" ही धावपळ आहे, ती दोन मिनिटांत संपेल. म्हणून 'द वॉटर इज बॉइलिंग'. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटते. वेळापत्रकात लिहिलेली गोष्ट, म्हणून 'लीव्हज'. आज काही कारणाने ती उशिरा सुटतेय, म्हणून 'इज लीव्हिंग लेट टुडे'. गाडी तीच, स्टेशन तेच. एका वाक्यात नियम आहे, दुसऱ्यात आजची परिस्थिती.

आता दुसरी किल्ली. पहिली जिथे फसते, तिथे ही उपयोगी पडते. मराठीत आपण 'मला दिसतंय', 'मला आठवतंय', 'मला समजतंय' असं सहज म्हणतो. इथे 'य' आहे, पण इंग्रजीत 'आय ॲम अंडरस्टँडिंग' सहसा म्हणत नाहीत. मग काय करायचं? वाक्याच्या सुरुवातीला 'मी' आहे की 'मला', ते पाहायचं. मला माहीत आहे, मला आवडतं, मला हवंय, मला वाटतं, मला दिसतं, मला ऐकू येतं, मला आठवतं, मला समजतं, मला पटतं. या ओळीतल्या गोष्टी आपण मुद्दाम करत नाही, त्या आपल्या ठायी असतात किंवा घडतात. मराठीने त्यांना 'मी' न देता 'मला' दिला. इंग्रजीने 'आय' ठेवला, पण त्यांना 'इंग' लावायचं टाळलं. 'नो, लाइक, वॉन्ट, सी, हिअर, रिमेंबर, अंडरस्टँड, अग्री' ही क्रियापदं म्हणूनच साध्या काळात राहतात. 'माझा विश्वास आहे', 'माझ्याकडे गाडी आहे', 'हे माझं आहे' या वाक्यांचंही तसंच. मला, माझा, माझ्याकडे अशी सुरुवात असली की 'इंग'पासून दूर राहावं. याला अपवाद आहेत, मुख्यतः शरीराच्या तक्रारींचे. 'मला खोकला येतोय'चं 'आय ॲम कॉफिंग' होतं आणि 'मला कंटाळा येतोय'चं 'आय ॲम गेटिंग बोअर्ड'. पण शंभर टक्के चालेल असा नियम कुठल्याच भाषेत मिळत नाही. बहुतेक ठिकाणी चालणारा मिळाला तरी माणूस बोलायला लागतो.

या किल्लीने एक जुनं कुलूप उघडतं. काही इंग्रजी क्रियापदं दोन्ही काळांत का येतात, असं विद्यार्थी विचारतात. 'आय थिंक' बरोबर आणि 'आय ॲम थिंकिंग'ही बरोबर, हे कसं? मराठीत पाहा. 'आय थिंक' म्हणजे मला वाटतं. 'आय ॲम थिंकिंग' म्हणजे मी विचार करतोय. एकीकडे 'मला', दुसरीकडे 'मी'. 'आमटी छान लागते' या वाक्यात आमटी काही करत नाही, तिची चव तशी आहे, म्हणून 'टेस्ट्स गुड'. 'आई आमटीची चव घेतेय' यात आई काम करतेय, म्हणून 'इज टेस्टिंग'. 'आय हॅव अ कार' म्हणजे माझ्याकडे गाडी आहे. 'आय ॲम हॅविंग टी' म्हणजे मी चहा घेतोय. इंग्रजीने एका शब्दावर दोन कामं टाकली. मराठीने दोन वेगळे शब्द ठेवले, ते आपल्या कामी येतात.

'आय ॲम नोइंग' यासारख्या वाक्यांना भारतात पुष्कळ लोक हसतात. निस्सीम इझिकेल हे मुंबईत जन्मलेले, मुंबई विद्यापीठात शिकवलेले इंग्रजी कवी. ते २००४ साली वारले. 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' या त्यांच्या कवितेत एका निरोप समारंभातलं भाषण आहे आणि वक्ता जवळजवळ प्रत्येक क्रियापदाला 'इंग' लावत जातो. वाचताना हसू येतं. पण त्या वक्त्याला काय म्हणायचंय हे वाचणाऱ्याला पुरेपूर कळतं, हेही विसरू नये. 'आय ॲम नोइंग' म्हणणाऱ्याला माहीत आहे, हे समोरच्याला समजतंच. अशी चूक सुधारावी, पण तिच्या भीतीने बोलणं बंद करू नये. भाषा बोलूनच येते आणि गप्प बसणाऱ्याची चूक कधी सुधारत नाही.

काही ठिकाणी मात्र हसण्यावारी नेऊन चालत नाही, कारण तिथे अर्थच बदलतो. दोन्ही वाक्यं व्याकरणात शुद्ध असतात, पण आपण एक म्हणतो आणि ऐकणारा दुसरं ऐकतो. 'आय वर्क इन अ बँक' म्हणजे बँकेत नोकरी करतो, ती माझी नेहमीची नोकरी. 'आय ॲम वर्किंग इन अ बँक' म्हटलं, तर इंग्रजी कानाला वाटू शकतं की ही सध्याची सोय आहे, पुढे काही वेगळा विचार दिसतो. मुलाखतीत दुसऱ्या वाक्यामागून 'किती दिवस?' असा प्रश्न आला, तर नवल नाही. 'ही ड्रिंक्स' आणि 'ही इज ड्रिंकिंग' यांतला फरक तर मराठी माणसाला सांगायलाच नको. 'तो पितो' म्हटल्यावर काय पितो, हे आपणही विचारत नाही.

दवाखान्यात हा फरक आणखी मोठा होतो. डॉक्टर विचारतात, 'डू यू टेक एनी मेडिसिन्स?' म्हणजे तुमच्या कायमच्या गोळ्या कोणत्या. रक्तदाबाची रोजची गोळी 'आय टेक'मध्ये येते. पाच दिवसांसाठी दिलेलं औषध 'आय ॲम टेकिंग'मध्ये. आमच्या वर्गात परिचारिका असतात तेव्हा मी एक सराव मुद्दाम घेते. वॉर्डातून डॉक्टरांना फोन करायचा आहे. 'द पेशंट ब्लीड्स' म्हणायचं की 'द पेशंट इज ब्लीडिंग'? पहिल्याचा अर्थ, या रुग्णाला अधूनमधून रक्त येतं, म्हणजे सावकाश तपासण्या करू. दुसऱ्याचा अर्थ, आत्ता रक्त वाहतंय, धावत या. 'रक्त येतं' आणि 'रक्त येतंय' यांत मराठीत जेवढं अंतर आहे, तेवढंच इंग्रजीत आहे. फोनच्या दुसऱ्या टोकाला जो आहे, त्याला फक्त तुमचं क्रियापद ऐकू येतं.

आणखी एक जोडी मला शिकवायला फार आवडते. 'ही इज रूड' आणि 'ही इज बीइंग रूड'. पहिल्या वाक्यात त्या मुलाचा स्वभावच उद्धट ठरवला. दुसऱ्यात म्हटलंय की तो आत्ता उद्धटपणे वागतोय. एका लहानशा 'बीइंग'ने स्वभाव आणि वागणूक वेगळी केली. शाळेच्या डायरीत यांतलं कोणतं वाक्य लिहून येतं, याने पालकाच्या मनावर होणारा परिणाम वेगळा असतो. मराठीतही आपल्याला ही सोय आहे. 'तू आळशी आहेस' आणि 'तू आळस करतोयस'. पहिलं ऐकून मूल करणार काय? आळशी असणं हे त्याच्या नावासारखं त्याला चिकटलं. दुसरं ऐकून ते आळस झटकू शकतं. आपण रागाच्या भरात बहुतेक वेळा पहिलंच वाक्य बोलतो. वर्गात हा धडा झाला की पालक इंग्रजीपेक्षा मराठी वाक्यावरच जास्त वेळ बोलत बसतात आणि मी त्यांना अडवत नाही.

तक्रारीचाही एक चालू काळ इंग्रजीत आहे. 'ही ऑलवेज हेल्प्स' म्हणजे तो नेहमी मदत करतो, हे कौतुक. 'ही इज ऑलवेज आस्किंग फॉर मनी' म्हणजे तो सारखा पैसे मागत असतो, हा वैताग. मराठीतले 'नेहमी' आणि 'सारखा' हे शब्द जो सूर लावतात, तो इथे काळ लावतो.

आणि एक सावधगिरी. मराठी वाक्यात 'पासून' आलं, किंवा 'दहा वर्षं झाली' असा हिशेब आला, तर हे दोन्ही काळ बाजूला ठेवावेत. 'मी दहा वर्षांपासून ठाण्यात राहतोय' याचं आपण 'आय ॲम लिव्हिंग इन ठाणे सिन्स टेन इयर्स' करतो. इंग्रजीला तिथे 'आय हॅव बीन लिव्हिंग इन ठाणे फॉर टेन इयर्स' हवं असतं. मागे सुरू होऊन आजपर्यंत आलेल्या गोष्टीसाठी त्यांनी तिसरं दालन ठेवलंय.

हे सगळं ऐकून इंग्रजीचे नियम म्हणजे दगडावरची रेघ, असं कुणाला वाटेल. तसंही नाही. साधारण १६०० सालच्या 'हॅम्लेट' नाटकात, हातात पुस्तक असलेल्या हॅम्लेटला पोलोनियस तो काय वाचतोय असं विचारतो, ते साध्या वर्तमानकाळात. आजचा इंग्रज तिथे 'व्हॉट आर यू रीडिंग?' म्हणेल. 'घर बांधलं जातंय' या अर्थाचं 'द हाउस इज बीइंग बिल्ट' हे आज शाळकरी मुलांना शिकवलं जाणारं रूप अठराव्या शतकाच्या अखेरीला दिसू लागलं आणि एकोणिसाव्या शतकात काही इंग्रज पंडितांनी त्याला नाकं मुरडली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे आपण आपल्या भाषेचे नियम लिहून काढत होतो, त्याच शतकात इंग्रजांचाही आपल्या चालू काळाबद्दल वाद चालू होता. आणि २००३ साली मॅकडोनाल्ड्सने 'आय'म लव्हिन इट' ही जाहिरात आणली. 'लव्ह' हे खरं तर 'मला आवडतं'च्या घरातलं क्रियापद, त्याला 'इंग' लागत नाही असं आम्ही शिकवतो. जाहिरातवाल्यांनी ते मुद्दाम लावलं, कारण त्यांना आवड म्हणजे आत्ता, खाताखाता घडणारी गोष्ट दाखवायची होती. नियम माहीत असला की तो मोडण्यातली गंमतही कळते.

तेव्हा इंग्रजी शिकणाऱ्या माझ्या श्रोत्यांना एक छोटासा अभ्यास सुचवते. आठवडाभर इंग्रजीकडे पाहू नका. आपलं स्वतःचं मराठी ऐका. दिवसभरात तुम्ही कुठे 'करतो' म्हणता आणि कुठे 'करतोय', कुठे 'मी' म्हणता आणि कुठे 'मला', एवढंच टिपून ठेवा. रोज दहा वाक्यं पुरे. आठवड्याच्या शेवटी ती सत्तर वाक्यं इंग्रजीत करायला बसा. 'मला' दिसला तर साधा काळ. 'मी' असेल आणि 'य' असेल तर चालू. 'मी' असूनही 'य' नसेल, तर वाक्य रोजचं आहे की आत्ताचं, की उद्याचं, हे एकदा स्वतःला विचारा. 'पासून' असेल तर थांबा. सत्तरपैकी साठ तरी बरोबर येतील असा माझा अंदाज आहे. उरलेली दहा घेऊन एखाद्या जाणत्या माणसाकडे जा. त्यालाही विचार करावा लागेल, आणि दोघांनाही मजा येईल.